पुण्यात दुकान, गाळा किंवा ऑफिस भाड्यानं देताना-घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वकील आहे, माझ्याकडे जागामालकही येतात आणि भाडेकरूही. बहुतेकजण भांडण पेटल्यावर येतात. करार झालेला असतो, इंटिरियरवर आठ-दहा लाख गेलेले असतात, नाहीतर तीन वर्षं थकलेलं भाडं डोळ्यांसमोर असतं. मग फाइल उघडली की कळतं, सगळा घोळ सहीच्या दिवशी न वाचलेल्या दोन ओळींत होता. म्हणून इथली बरीचशी उत्तरं सही करण्याआधी वाचायची आहेत.

लीज आणि लिव्ह अँड लायसन्समध्ये फरक काय? वर ‘लायसन्स’ लिहिलं की पुरे ना?

नाही, पुरत नाही. सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

लीजमध्ये भाडेकरूला त्या जागेत हक्क मिळतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०५ मध्ये त्याची व्याख्या आहे. लायसन्समध्ये हक्क मिळत नाही, फक्त वापराची परवानगी मिळते. ती भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ खाली येते. बोलताना दोन्हीकडे आपण ‘भाडं’ म्हणतो, पण कायद्यात एक भाडेकरू असतो आणि दुसरा परवानाधारक.

पुण्यातले मालक लायसन्सचाच आग्रह धरतात, आणि त्यामागे इतिहास आहे. दुकान लीजनं दिलं आणि त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होत असला, तर मुदत संपली म्हणून भाडेकरूला उठवता येत नाही. भाडं भरत राहिला तर कायदाच त्याला संरक्षण देतो. मग मालकाला कलम १५ किंवा १६ मधलं कारण शोधावं लागतं आणि कोर्टात ते सिद्धही करावं लागतं. पेठांमधल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाडेकरूंच्या गोष्टी ऐकलेला मालक म्हणूनच लीजचं नाव काढत नाही.

पण कोर्ट मथळा बघत नाही, मजकूर आणि प्रत्यक्ष वागणूक बघतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ सालीच हे स्पष्ट केलं आहे की दस्ताचं नाव काय यापेक्षा दोन्ही बाजूंचा खरा हेतू काय होता ते महत्त्वाचं. मालकाला आत येण्याचा अधिकारच ठेवलेला नसेल, जागा दुसऱ्याला देण्याची मुभा दिली असेल, तर वर ‘लायसन्स’ छापून उपयोग नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या कच्च्या मसुद्यांमध्ये एका परिच्छेदात ‘परवानाधारक’ आणि पुढच्याच परिच्छेदात ‘भाडेकरूचा निर्वेध कब्जा’ असं मी स्वतः वाचलं आहे. असा कागद समोरच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत देतो.

आमच्या जागेला भाडे नियंत्रण कायदा लागू आहे का, हे कसं कळेल?

जागा कोण घेतंय ते बघा. कलम ३(१)(ब) प्रमाणे बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, परदेशी वकिलाती आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड कंपन्या यांना दिलेल्या जागा या कायद्याबाहेर आहेत. कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला, तेव्हा तुटपुंज्या भाड्यात बसलेल्या कितीतरी बँक शाखांचं संरक्षण एका रात्रीत गेलं.

म्हणजे खराडीत मोठ्या कंपनीला मजला दिलात तर लीजची भीती नाही. तिथे करारात लिहिलंय तेच चालतं. पण तीच जागा एका प्रोप्रायटरला, भागीदारी फर्मला किंवा १ लाख भांडवलाच्या नव्या कंपनीला लीजनं दिलीत, तर तिला कायद्याचं कवच मिळतं. कंपनी दिसायला कितीही झकपक असली तरी तिचं भरणा झालेलं भागभांडवल कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

‘आदर्श भाडे कायदा’ आला ना? मग जुना गेला?

केंद्रीय मंत्रिमंडळानं २ जून २०२१ ला मंजूर केला तो केवळ नमुना आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तुमचा व्यवहार १९९९ च्या कायद्यावरच तपासा.

अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर नोटरी केला तर नोंदणी टळते, असं एजंट म्हणतो.

महाराष्ट्रात नाही टळत. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांची सूट त्यात नाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलम सांगतं.

मालकाला खरा फटका मात्र दंडाचा नाही. करार नोंदवलेला नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे ‘मला लायसन्सवर नाही, कायमच्या भाड्यानं दिली होती’ असं तो म्हणाला, तर उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर. दोन-चार हजार वाचवायला गेलेल्या माणसाचा गाळा यात वर्षानुवर्षं अडकतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे नुकसान टाळणं इतकं सोपं असतं.

नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइनही होते, आधार आणि बोटांचे ठसे लागतात. झाल्यावर इंडेक्स टूची (नोंदणी कार्यालय देतं तो दस्ताचा गोषवारा) प्रत दोघांनीही जपून ठेवा.

मुद्रांक शुल्क किती लागतं?

लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत असेल तर ०.२५ टक्के. ते तीन रकमांच्या बेरजेवर काढतात: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. महिना ६०,००० भाडं, तीन वर्षं, डिपॉझिट ३,६०,००० असं धरा. भाडं झालं २१,६०,०००. डिपॉझिटवरचं तीन वर्षांचं व्याज १,०८,०००. बेरीज २२,६८,०००, आणि तिच्यावर शुल्क ५,६७० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ती वेगळी.

लायसन्स ६० महिन्यांच्या वर गेलं की मुद्रांक कायदा त्याला लीज समजतो आणि गणितच बदलतं. लीजवर बाजारमूल्याच्या ठरावीक हिश्श्यावर खरेदीखताच्या दरानं शुल्क लागतं. पाच वर्षांपर्यंत १० टक्के, दहापर्यंत २५, एकोणतीसपर्यंत ५० आणि त्यापुढे ९० टक्के असा तो हिस्सा आहे. नूतनीकरणाचं कलम घालताना हे लक्षात असू द्या. शुल्क कोण भरणार ते आपसात ठरवायचं, निम्मं-निम्मं हा रिवाज बरा.

टोकन देण्याआधी भाडेकरूनं काय काय बघावं?

समोरचा माणूस खरंच मालक आहे का, इथून सुरुवात. इंडेक्स टू, मिळकत कराची पावती आणि वाड्याची जागा असेल तर प्रॉपर्टी कार्ड मागा. पेठांमध्ये एका मिळकतीला पाच-सहा वारस असतात आणि सही एकटा धाकटा भाऊ करतो. बाकीच्यांची संमती किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र हवंच.

मग जागेचा मंजूर वापर. मंजूर नकाशात पार्किंग आहे आणि प्रत्यक्षात तिथे दुकान चालतंय, हे आपल्या शहरात ठिकठिकाणी दिसतं. हॉटेल काढणाऱ्यांनी तर विशेष सांभाळावं. साइड मार्जिनमधल्या (इमारतीच्या बाजूला मोकळी सोडायच्या जागेतल्या) शेड आणि टेरेसवरची टेबलं यांच्यावर महापालिका कारवाई करते, तेव्हा पत्रे मालकाचे जातात आणि धंदा तुमचा बसतो. ‘सगळ्या रस्त्यावर असंच आहे’ हा बचाव कोर्टात चालत नाही. भोगवटा पत्र, मंजूर नकाशा आणि अग्निशमनचा ना हरकत दाखला बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. करारात ‘वापर बेकायदा ठरून धंदा बंद झाला तर लॉक-इन लागू नाही आणि डिपॉझिट पूर्ण परत’ ही ओळ घ्या. लॉक-इन म्हणजे करार मधेच सोडता येत नाही ती मुदत.

वीज बघा. मंजूर लोड तुमच्या भट्टीला किंवा एसीला पुरतो का, मागची थकबाकी आहे का? महावितरणची थकबाकी त्या जागेतल्या नव्या ग्राहकाच्या गळ्यात येऊ शकते.

आणि मिळकतीवर कर्ज आहे का ते विचारा. गहाण जागा मालकानं बँकेच्या संमतीशिवाय भाड्यानं दिली आणि हप्ते थकवले, तर बँक सरफेसी कायद्यानं (थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा कायदा) ताबा घेते. गहाणाआधीचा नोंदणीकृत करार हातात नसलेल्या भाडेकरूला तिथे टिकणं फार अवघड जातं. त्यामुळे बँकेचं ना हरकत पत्र आधीच मागा.

लॉक-इनमध्ये धंदा चालला नाही तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं द्यावंच लागतं?

आधी बघा की लॉक-इन दोघांना आहे की फक्त तुम्हाला. कितीतरी छापील करारांत भाडेकरू तीन वर्षं बांधलेला आणि मालक एक महिन्याच्या नोटिशीवर मोकळा असतो. माझ्या मते हे उघड अन्यायाचं आहे. असा मसुदा आला तर सही करू नका, तसं स्पष्ट सांगा. बहुतेक मालक बदलतात.

आता रकमेचं. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही. वाजवी भरपाई मिळते, आणि तो आकडा ही तिची कमाल मर्यादा. नुकसान कमी करण्यासाठी मालकानं काय केलं हेही कोर्ट बघतं. तुम्ही निघाल्यावर दोन महिन्यांत नवा भाडेकरू त्याच भाड्यात आला, तर उरलेल्या वीस महिन्यांचं भाडं मागणं मालकाला जड जातं. पण जागा खरोखर रिकामी राहिली, तर मालकाची बाजू बळकट असते. म्हणून निघायचं ठरलं तर गुपचूप किल्ल्या टाकून जाऊ नका. लेखी नोटीस द्या, शक्य असेल तर बदली भाडेकरू सुचवा, ताबा दिल्याची पोच घ्या.

डिपॉझिट परत मिळत नाही. काय करू?

व्यापारी जागेच्या लायसन्सला डिपॉझिटची कायद्यानं ठरवलेली मर्यादा नाही, सगळं करारावर. सही करतानाच ‘ताबा आणि डिपॉझिट एकाच वेळी’ असं लिहून घ्या. उशीर झाल्यास व्याजाचा दर घाला, आणि डिपॉझिट मिळेपर्यंत विनाभाडं जागा धरून ठेवण्याचा हक्कही. हे नसेल आणि किल्ल्या दिल्या असतील, तर वकिलाची नोटीस आणि मग वसुलीचा दावा. मुदत ३ वर्षं. जागा सोडताना प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, ‘रंग गेला, फरशी फुटली’ या नावाखाली कापाकापी तिथेच होते.

इंटिरियर माझ्या खर्चानं केलंय. ते कोणाचं?

करारात नसेल तर भांडण ठरलेलं. मालकांना एक खास सूचना: सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे परवानाधारकानं लायसन्सच्या भरवशावर कायमस्वरूपी बांधकाम करून खर्च केला असेल, तर ते लायसन्स रद्द करता येत नाही. पोटमाळा, पक्क्या भिंती, आरसीसी टाकी यांना लेखी परवानगीशिवाय हात लावू देऊ नका आणि ‘सर्व काम काढता येण्याजोगं’ असं लिहून घ्या. भाडेकरूंनी कोणत्या वस्तू स्वतःच्या, त्याची यादी कराराला जोडावी.

मधेच मालकानं जागा विकली तर?

लीज असेल तर नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, तुमचा करार चालूच. लायसन्स असेल तर सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ म्हणतं की खरेदीदार त्या लायसन्सनं बांधलेला नाही. हे कळल्यावर कितीतरी दुकानदारांचा चेहरा पडलेला पाहिला आहे. मोठा खर्च करणार असाल तर करारात लिहा की विक्रीच्या दस्तात खरेदीदाराला हे लायसन्स मान्य करायला लावायची जबाबदारी मालकाची, आणि तसं न झाल्यास इंटिरियरच्या खर्चाची ठरलेली भरपाई त्यानं द्यायची.

जीएसटी आणि टीडीएस कोणी, किती?

व्यापारी जागेच्या भाड्यावर जीएसटी १८ टक्के. मालकाची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांवर गेली की त्याला नोंदणी लागते, आणि त्या उलाढालीत राहत्या फ्लॅटचं भाडंही मोजतात, जे अनेकजण विसरतात. मालक नोंदणीकृत नसेल पण भाडेकरू असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाडेकरूनंच रिव्हर्स चार्जनं हा कर भरायचा. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक दरानं जीएसटी भरणाऱ्या भाडेकरूंना) यातून १६ जानेवारी २०२५ पासून वगळलं आहे. ५ टक्के जीएसटीवर चालणाऱ्या हॉटेलला भाड्यावरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून एक लाख भाडं त्याला एक लाख अठरा हजारांत पडतं. ‘भाडं अधिक जीएसटी’ की ‘जीएसटीसह’ हे आकड्याशेजारीच लिहा.

टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, १० टक्के, १ एप्रिल २०२५ पासून महिना ५०,००० च्या वरच्या भाड्यावर. ऑडिट लागू नसलेल्या व्यक्तीनं किंवा हिंदू अविभक्त कुटुंबानं द्यायचं भाडं त्यावर गेलं तर २ टक्के. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ भाड्यावरच कापायचा.

भाडं थकलंय. शटरला कुलूप लावलं तर चालेल का?

नाही. वीज-पाणीही तोडू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली अत्यावश्यक सेवा तोडणं हा गुन्हा आहे. जबरदस्तीनं बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. तिथे मालक कोण हा प्रश्नच येत नाही. बरोबर असलेला मालक कुलूप लावून चुकीच्या बाजूला जातो.

रस्ता असा. संरक्षित भाडेकरू असेल तर आधी लेखी मागणीची नोटीस, मग ९० दिवस थांबून दावा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनं सगळी थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह कोर्टात भरली आणि पुढेही नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. भाडेकरूंनो, ही संधी घालवू नका. मालक मुद्दाम भाडं घेत नसेल तर चेक स्पीड पोस्टानं पाठवा आणि परत आलेलं पाकीट न फोडता ठेवा.

लायसन्सची मुदत संपली, तरी माणूस हलत नाही.

घराच्या लायसन्ससाठी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट अर्ज करता येतो. दुकान-ऑफिसला तो मार्ग नाही, पुण्यात लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागतो. म्हणून करारातच मुदतीनंतरच्या वापरासाठी भाड्याच्या दुप्पट रोजची नुकसानभरपाई ठरवून ठेवतात. मुदतीनंतर आलेले पैसे ‘भाडं’ म्हणून पावतीवर दाखवू नका, ‘बेकायदा वापराबद्दल भरपाई, हक्क राखून’ असं लिहा. एक बारीक शब्द पुढे खटल्याचा निकाल फिरवतो. निकाल मालकाच्या बाजूनं लागून भाडेकरू अपिलात गेला, तर स्थगितीसाठी बाजारभावानं भरपाई भरण्याची अट कोर्ट घालू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००४ मध्येच तसं सांगितलं आहे.

लक्ष्मी रस्त्यावर आजोबांपासून पागडीचं (भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे देऊन घेतलेलं) दुकान आहे. आमचे हक्क काय?

बरेच आहेत, आणि ते बेफिकिरीनं घालवता येतात तेही तितकंच खरं.

भाडेकरू वारल्यावर त्या वेळी त्याच्याबरोबर दुकानात धंदा करणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. तसं कोणी नसेल तर वारसांपैकी एक, आपसात एकमत नसेल तर कोर्ट ठरवेल तो. त्यामुळे वडील असतानाच मुलाचं किंवा मुलीचं नाव शॉप अ‍ॅक्टच्या कागदावर, बँक खात्यावर, बिलांवर दिसू द्या. लग्न झालेली मुलगी दुकान सांभाळत असेल तर तीही यात येते.

दुकान बंद ठेवू नका. योग्य कारणाशिवाय, दावा लावण्याच्या आधी सलग सहा महिने जागा ठरलेल्या कामासाठी वापरली नाही, तर कलम १६ खाली ताबा जाऊ शकतो. विजेचं शून्य युनिटचं बिल हा मालकाचा पहिला पुरावा असतो. लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम आणि पोटभाडेकरू ही आणखी दोन कारणं. खऱ्या भागीदाराला सोबत घेणं म्हणजे पोटभाडं नव्हे, पण स्वतः घरी बसून ‘भागीदारा’कडून महिन्याला ठरलेली रक्कम घेत असाल, तर कोर्ट त्यातून आरपार बघतं.

पागडी स्वतःच बेकायदा आहे हा गैरसमज जुना. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ नं हस्तांतरणासाठी रक्कम घ्यायला-द्यायला मुभा दिली. तरी मालकाच्या लेखी संमतीशिवाय पागडी देऊन दुकान घेऊ नका, आणि पैसे रोखीत तर नकोच.

भाडेवाढ वर्षाला ४ टक्के, एवढीच कायद्यानं मालकाला हक्कानं मिळते. सुधारणा-दुरुस्तीची वाढ वेगळी. मालकाची बाजूही सांगतो. १९८७ च्या आसपासच्या भाड्यावर अडकलेल्या दुकानाच्या उत्पन्नात इमारतीचा रंगही निघत नाही. अशा मालकानं खऱ्या स्वतःच्या गरजेसाठी दावा लावला तर तो लोभी ठरत नाही. कोर्ट दोघांपैकी कोणाची अडचण मोठी ते तोलतं.

वाडा पाडून इमारत होणार आहे. दुकान गेलं की हक्क गेला?

इमारत पडली म्हणून भाडेहक्क संपत नाही. सांगलीकडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली हे ठामपणे सांगितलं. पण हक्क असणं आणि नव्या इमारतीत रस्त्याकडेचा तेवढाच गाळा मिळणं यांत अंतर आहे. रिकामं करण्याआधी बिल्डर, मालक आणि तुम्ही असा त्रिपक्षीय नोंदणीकृत करार करा. त्यात चटईक्षेत्र, मजला, दर्शनी रुंदी, मधल्या काळाचं भाडं आणि मुदत आकड्यांत हवी. ‘समान जागा देऊ’ या शब्दांवर वाडा सोडू नका.

लॉकडाऊनसारखं पुन्हा झालं तर भाडं माफ?

आपोआप नाही. करार कायद्याचं अशक्यतेचं कलम ५६ लीजला लागत नाही, हे १९६८ पासून ठरलेलं आहे. करारात ‘सरकारी आदेशानं धंदा बंद राहिल्यास भाडं निम्मं’ असं असेल तरच मिळेल.

लवादाचं (वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या मध्यस्थानं सोडवायचं) कलम घालावं का?

कंपनीबरोबरच्या, भाडे नियंत्रणाबाहेरच्या लीजला घाला. डिसेंबर २०२० च्या निकालानंतर असे वाद लवादाकडे जाऊ शकतात. संरक्षित भाडेकरूच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही, तिथे अधिकार कोर्टाचाच.

भोसरीत एमआयडीसीचा गाळा भाड्यानं घेतोय. वेगळं काही?

हो. तिथली जमीन एमआयडीसीची, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाची, मालक म्हणवणारा स्वतः ९५ वर्षांच्या लीजवर. त्याला पोटभाड्यानं द्यायला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. परवानगीचं पत्र नसेल तर मशिन हलवू नका.

दोघांनी मिळून एकच वकील केला तर चालेल?

साधा, छोटा करार असेल तर मसुदा एकानं केला तरी चालतो. पण लॉक-इन आणि डिपॉझिटवर दोघांचं हित एकमेकांविरुद्ध असतं. पंचवीस हजारांच्या वर भाडं असेल तर दुसऱ्या बाजूनं मसुदा स्वतःच्या वकिलाला एकदा दाखवावा, असं मी माझ्या अशिलाच्या समोरच्या माणसालाही सांगतो.

सल्ल्याला येताना काय आणू?

जुने-नवे सगळे करार, इंडेक्स टू, शक्य तितक्या जुन्या भाडेपावत्या, दोन वर्षांची वीजबिलं, बँकेचा उतारा, जागेचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी. शेवटची तर पुसू नकाच, ‘पुढच्या महिन्यात नक्की खाली करतो’ हा एक मेसेज कधी कधी सगळ्या कागदांपेक्षा जास्त बोलतो. नोटीस आली असेल तर पाकीटही आणा, त्यावरची तारीख लागते. आणि उत्तराची मुदत संपायला चार दिवस उरलेले असताना येऊ नका, नोटीस हातात पडली त्याच आठवड्यात या.